द्वारकाबाईंचे पूर्ण नाव

द्वारकाबाईंनी समोरच्या फारूखभाईंच्या शेरवानीला चहा विचारला, त्या दिवशी त्यांच्या सुनेने, मोनिकाने, ठरवले की आता बस झाले.

शेरवानी धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातली होती. आत फारूखभाई नव्हते. ते दुकानात होते. पण द्वारकाबाईंना आपल्या खिडकीतून कुणीतरी उंचापुरा माणूस उभा दिसला आणि देवगाव रंगारीच्या माणसाला दारातला माणूस चहाविना परत पाठवता येत नाही. "या की भाई, उभं काय ऱ्हायलात?" असे त्यांनी दोनदा विचारले. तेवढ्यात वारा आला, शेरवानी जराशी वाकली. द्वारकाबाईंनी तो होकार समजून आधण ठेवले, आणि साखर समजून त्यात रवा टाकला.

"आई, डोळ्यात मोतीबिंदू आहे तुमच्या," सूनबाई म्हणाली. "डॉक्टरांनी मागंच सांगितलंय. ऑपरेशन करून घेऊ."

"मला काय झालं? हितला उजेडच मेला मचूळ हाय. बल्ब बदल."

बल्ब बदलून झाले होते. घरात आता इतका उजेड होता की संध्याकाळी समोरच्या इमारतीतली मुले तेवढ्यात अभ्यास करू शकली असती. तरी द्वारकाबाई भिंत चाचपत चालत आणि भिंतीलाच दोष देत.

यात तेल ओतण्याचे काम त्यांचे यजमान पुंजाराम जाधव अगदी मनापासून करत. मुलाकडे शहरात राहायला आल्यापासून त्यांना तसे दुसरे काम नव्हते. "हिचं वय झालं," ते पेपर तोंडासमोर धरून म्हणत. "मला बघा. आजून चिलटाचे पाय मोजतो मी." पेपर बऱ्याचदा उलटा असे, पण घरात तो सरळ करायची हिंमत कुणाची नव्हती.

मोनिकाने मग तो विषय सोडलाच नाही. पोळी लाटताना, देवाला फूल वाहताना, मालिका लागलेली असताना ती तेच बोलत राहिली. दोन दिवाळ्या गेल्या. शेवटी नात संस्कृती म्हणाली, "आजी, मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचले तेव्हा तू दुसऱ्याच मुलीला टाळ्या वाजवल्यास." त्या रात्री जेवताना द्वारकाबाईंनी जाहीर केले, "येते. पर एकदाच येईन. तिथं जाऊन काई बी अडलं न् माघारी पाठवलं, तर दुसऱ्यांदा मी त्या दवाखान्याची पायरी चढायची नाय. सांगून ठेवते."

आणि द्वारकाबाईंचा शब्द म्हणजे शब्द. एकदा त्या जावेशी बोलणार नाही म्हणाल्या होत्या, तर जाऊ वारली तेव्हाही त्या तिच्या सुनेशीच बोलल्या. तेव्हा जे काही व्हायचे ते त्या एका दिवसात व्हायला हवे होते, हे मोनिकाला पक्के ठाऊक होते.

दवाखाना क्रांती चौकाच्या अलीकडच्या गल्लीत होता. डॉ. साळवे हे तरुण आणि मोठे सोशिक डॉक्टर. त्यांनी टेबलावर डोळ्याचा प्लास्टिकचा नमुना उघडून ठेवला आणि समजावायला घेतले.

"आजी, आपल्या डोळ्यात देवानं एक भिंग बसवलेलं असतं. वय वाढलं की ते काचेवर दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. आपण एवढंसं छिद्र करून ते काढायचं आणि त्या जागी नवं भिंग ठेवायचं. ते घडी करून आत जातं, आत गेल्यावर आपोआप उलगडतं. टाका नाही, दुखणं नाही."

"घडी करून?" द्वारकाबाईंनी विचारले. "आन् घडी मोडल्याली दिसत न्हाई ना?"

"नाही दिसत."

आता पुंजाराम पुढे सरकले. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करून घेण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि मेकॅनिक कसे असतात हे त्यांना माहीत होते. "डॉक्टर, जुनं भिंग घरी देता ना?"

"जुनं?"

"नवीन टाकलं म्हन्ता, पर जुनं हातात आल्याबिगर आमचा इस्वास बसत न्हाई. मागं एकानं बेरिंग बदलली म्हनून सांगितलं, जुनीच घासून घातली व्हती."

"आजोबा, जुन्याचा आतच चुरा करून तो ओढून घेतो आम्ही."

पुंजारामांनी 'सगळे तसेच म्हणतात' अशा नजरेने मोनिकाकडे पाहिले. म्हणजे ती जिथे बसली आहे असे त्यांना वाटले, तिथल्या कुंडीकडे पाहिले. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाच्या डोळ्याचं माप वेगळं असतं. आपण यंत्रानं ते माप घेतलंय, आणि त्या नंबरचं भिंग फक्त तुमच्यासाठी आणणार. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. चपलेचं चालेल एक वेळ, भिंगाचं नाही. आता सांगा, लांबचं स्वच्छ दिसायला हवं की जवळचं?"

"लांबचं," द्वारकाबाई लगेच म्हणाल्या. "जवळचं हातानं कळतंय."

तारीख ठरली. ठरल्या दिवशी सगळे वेळेवर पोचले, द्वारकाबाईंनी अंगारा लावला, डॉक्टरांनी तो कपाळावरून पुसायला लावला, इथपर्यंत सगळे सुरळीत होते.

ऑपरेशनच्या खोलीला लागून एक तयारीची खोली होती. तिथे त्यांना लुगड्यावरून हिरवा झगा घालायला दिला, केसांवर कागदी टोपी, तोंडाला मास्क आणि उजव्या भुवईवर एक चिकटपट्टी. मनगटाला नाव छापलेली पट्टी बांधली. डोळ्यात थेंब घातले आणि बाकावर बसवले. सगळे आधीच धूसर होते, थेंबांनी ते आणखी पसरले. बाकावर त्यांच्या शेजारी दुसरी एक बाई बसली होती. तोच झगा, तीच टोपी, तीच पट्टी, तोच उजवा डोळा.

बायका दोन घटकांच्या वर गप्प बसू शकत नाहीत असे म्हणतात ते खोटे आहे. या दोघी दोन पळेही बसल्या नाहीत.

"कुठल्या म्हनायच्या तुम्ही?" द्वारकाबाईंनी विचारले.

"मी देवगाव रंगारीची."

"अगं बाई! माझं सासर ते! कुनाच्या?"

"शेळक्यांची लेक. दिली पिशोरला, जाधवांत."

"पिशोर? पिशोर माझं माह्यार! आन् मी बी जाधवांतच दिल्याली!"

मग काय विचारता. एकीचे माहेर ते दुसरीचे सासर आणि दुसरीचे माहेर ते एकीचे सासर. पिशोरचे अद्रक यंदा कसे आले, देवगावच्या वेशीजवळचे लिंबाचे झाड कुणी तोडले, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, सगळ्याची खबरबात झाली. आता नाव विचारायचे राहिले होते.

"द्वारकाबाई," दुसऱ्या बाई म्हणाल्या.

"मी बी द्वारकाच!" असे म्हणून द्वारकाबाईंनी आनंदाने त्यांच्या मांडीवर थाप मारली. गोंधळ नको म्हणून आपण मात्र त्यांना दुसऱ्या बाईच म्हणू.

त्या थापेत मनगटावरची कागदी पट्टी हिरव्या बांगड्यांत अडकली. "काय हे लोढनं," म्हणत द्वारकाबाईंनी ती ओढून काढली आणि झग्याच्या खिशासारख्या दिसणाऱ्या एका चिरेत घातली. ती चीर खिशाची नव्हती. पट्टी खाली पडून बाकाखाली गेली. दुसऱ्या बाईंनी पाहिले, की या काढतात म्हणजे काढायची असेल, आणि त्यांनीही आपली काढली. मग पंख्याचा वारा एकीला सोसेना म्हणून दोघींनी जागा बदलल्या. एवढे करून दोघी निवांत बसल्या.

आत गेलेला पेशंट बाहेर आला आणि सिस्टर मंतशा कागद घेऊन आली. ही मुलगी नियमाला फार पक्की. त्याला कारणही होते. मागच्याच आठवड्यात एका आजोबांना तिने "तुम्ही गणपतराव का?" विचारले, तर ते हो म्हणाले. "की रंगनाथराव?" तर त्यालाही हो म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात हो म्हणायची सवय असते. तेव्हापासून मंतशा स्वतः कुणाचे नाव उच्चारत नसे. पेशंटने आपल्या तोंडाने पूर्ण नाव सांगायचे, मगच आत.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"द्वारकाबाई."

"पुढं?"

द्वारकाबाई खाली बघू लागल्या. मंतशाने शेजारी विचारले. "तुम्ही सांगा आजी."

"द्वारकाबाई."

मंतशाने हातातल्या दोन कागदांकडे पाहिले. दोन्हीवर द्वारकाबाई, दोन्हीवर जाधव, फरक काय तो मधल्या नावाचा आणि गावाचा. तिने दोघींची मनगटे पाहिली. तिथे बांगड्या होत्या.

"पट्ट्या कुठं गेल्या?"

"अडचन व्हत व्हती बाई," दोघी एकदम म्हणाल्या.

"बरं, मधलं नाव सांगा. मालकांचं."

द्वारकाबाईंनी लग्नात एकदा उखाणा घेतला होता, त्यानंतर नवऱ्याचे नाव त्यांच्या ओठांवर आले नव्हते. आणि त्यांची अडचण इतर बायकांपेक्षा जरा जास्तच होती. यजमानांच्या नावात राम असल्यामुळे त्या देवाच्या बाबतीतही जपून असत. कुणी "राम राम" म्हटले की त्या "हां, तेच" म्हणून हात जोडत. रामनवमीला देवळात सगळे पाळण्याचे गाणे म्हणत तेव्हा त्या नुसते ओठ हलवत.

"आजी, सांगा ना. डॉक्टर वाट बघायलेत."

"ते... संस्कृतीचे आजोबा."

"ते कागदावर नाही लिहिलेलं. नाव."

"कागदावर हाय ना? मंग वाचून घे की माय. माझ्या तोंडून कशाला?"

"मी वाचलं तर तुम्ही दोघी बी हो म्हणताल."

हे खरेच होते. मंतशाने सुस्कारा टाकला. तिच्या घरी तिची दादीसुद्धा नवऱ्याला जन्मभर "अजी सुनते क्या" म्हणूनच हाक मारत आली होती, त्यामुळे तिला राग येत नव्हता, पण नियम तो नियम. "जन्मतारीख सांगा मग."

जन्मतारीख दोघींची एक जानेवारी होती आणि साल दोघींनाही सांगता येईना. मराठवाड्यात त्या पिढीतली अर्धी माणसे एक जानेवारीला जन्मली आहेत. आधार कार्ड काढायला आलेल्या पोराने घाईत तसे लिहून टाकले आणि सगळे त्याच दिवशी म्हातारे होत जातात.

"गाव? गाव तरी सांगा."

आता बाईला गाव विचारले की तिच्या तोंडून आधी काय येते? त्यात त्या दोघी आताच माहेराच्या गोष्टींत आकंठ बुडालेल्या. "पिशोर!" द्वारकाबाई अभिमानाने म्हणाल्या. "देवगाव रंगारी!" दुसऱ्या बाईही तितक्याच अभिमानाने म्हणाल्या.

मंतशाचा चेहरा उजळला. तिच्या कागदावर पुंजारामांच्या द्वारकाबाई देवगाव रंगारीच्या होत्या. म्हणजे, तिच्या हिशेबाने, बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या दुसऱ्या बाई. आतल्या टेबलावर पुंजारामांच्या द्वारकाबाईंचे भिंग उघडून ठेवले होते आणि ते कुणाच्या डोळ्यात जायचे हे आता जवळजवळ ठरले होते.

"तरी नाव पाहिजेच," मंतशा म्हणाली. देव तिचे भले करो.

आतून डॉक्टर बाहेर आले. "काय झालं?"

"सर, नाव घेईनात."

"उखाण्यात घ्या की आजी," डॉक्टर हसून म्हणाले. त्यांच्या आईनेही तसेच केले असते.

उखाणा म्हटल्यावर दोघी जराशा खुलल्या. पण आधी कोण? "तुम्ही घ्या, तुम्ही थोरल्या." "मी कशाची थोरली? माझे तर दात सुदिक शाबूत हायेत." "आवाजावरून वाटल्या." यात थोडा वेळ गेला आणि मैत्रीत पहिला खडा पडला. अखेर द्वारकाबाईंनी मास्कच्या आत घसा साफ केला.

"हिरव्या हिरव्या झग्याला पांढरी पांढरी दोरी, संस्कृतीच्या आजोबांचं नाव घेते, डोळ्याची करू नका चोरी."

"वा!" दुसऱ्या बाई म्हणाल्या.

"वा," डॉक्टरही म्हणाले. "पण आजी, यात नाव कुठं आलं?"

"घेतलं की. 'नाव घेते' म्हनले ना मी."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले. बाहेर अजून माणसे खोळंबली होती. दोघींच्या डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ झाला होता. "हे बघा, खात्री झाल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. नसेल जमत तर आज राहू द्या. पुढच्या आठवड्यात या."

दाराशी कान लावून बसलेल्या मोनिकाला हे ऐकू आले. पुढचा आठवडा म्हणजे कधीच नाही. दोन दिवाळ्यांची मेहनत वाया जाणार, सासूबाई उरलेला जन्म शेरवान्यांशी बोलत काढणार, आणि संस्कृतीच्या लग्नात अक्षता भलतीकडेच टाकणार. तिला रडू यायला लागले. तिने दार ढकलले. "डॉक्टर, मी ओळखते ना माझ्या सासूला!"

"सूनबाई, तुम्ही ओळखालही. पण आजोबा बाहेरच आहेत ना? मग तुम्ही बाहेर थांबा आणि त्यांनाच आत पाठवा. नवऱ्यापेक्षा पक्का साक्षीदार कोण? आणि दुसऱ्या आजींचं कोण आहे, त्यांनाही."

दुसऱ्या बाईंचे यजमान फकिरा गावी ढोरांपाशी थांबले होते. सोबत जावई आला होता, शिवम. तो दारात आला, दोन बायका पाहिल्या आणि नजर पायांच्या नखांवर खिळवून उभा राहिला.

"यातल्या तुमच्या सासूबाई कोणत्या?"

"सर, मी कसं सांगू? लग्नापासून मी मामींच्या तोंडाकडं बघितलं नाय. त्या पदर घेत्यात, मी खाली बघतो." त्याने जरा विचार केला. "जोडवी बघितली तर सांगता येईल."

पण पायांत दवाखान्याचे हिरवे मोजे होते. शिवमला परत पाठवण्यात आले.

मग पुंजाराम आले. पायात दवाखान्याची चप्पल, अंगात झगा आणि चेहऱ्यावर 'माझ्यावाचून पान हलत नाही' असा भाव. द्वारकाबाईंना समोर एक उंच अंधूक आकार दिसला. त्याच्या खाकरण्यावरून त्यांनी ओळखले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आता नाव घ्यायची गरजच उरली नव्हती. त्या ताठ बसल्या. अर्ध्या जन्माची सोबत. अंधारात पाऊल वाजले तरी हा माणूस ओळखणार.

"आजोबा, यातली तुमची कोण?" डॉक्टरांनी विचारले.

"ह्यॅ!" पुंजाराम म्हणाले. "ह्यात इचारायचं काय? मी चिलटाचे पाय मोजतो." त्यांनी मान जराशी वाकडी केली, डोळे बारीक केले, एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले, आणि ठामपणे हात लांब केला. "ही."

हात दुसऱ्या बाईंकडे होता.

"बरोबर," मंतशा आनंदाने म्हणाली, "गाव बी जुळतंय!" आणि तिने दुसऱ्या बाईंचा दंड धरून त्यांना उठवले. परक्या पुरुषाने आपल्याकडे बोट दाखवलेले पाहून दुसऱ्या बाईंची वाचाच बसली होती. त्यांनी पदर शोधला, तो झग्याच्या आत होता, तेव्हा त्यांनी झग्याची बाही तोंडावर ओढली आणि मुकाट्याने दोन पावले चालल्यासुद्धा.

बाकावर द्वारकाबाई एकट्या उरल्या. क्षणभर त्यांना वाटले की आपल्यालाच ऐकू कमी येते आहे. मग त्या उठल्या. भिंत न चाचपता उठल्या.

"पुंजाराम!"

दुसऱ्या बाईंनी बाही खाली घेतली.

"ओ पुंजाराम! डोळे फुटले का तुमचे? इतकी वर्सं जिच्या हातचं खाल्लं ती कळंना व्हय तुम्हाला? शेजारच्या बाईला खुशाल माझी म्हनता? तिच्या भाकरी खाल्ल्या का तुम्ही, का तिनं तुमच्या तापात उशाला रात्री काढल्या? पुंजाराम केरबा जाधव, हिकडं बघा! मी हाय हितं!"

नवरा तर नवरा, सासऱ्याचेही नाव आले होते. हाक ऐकून दारात धावत आलेल्या मोनिकाने तोंडावर हात ठेवला.

मंतशाने शांतपणे दुसऱ्या बाईंना परत बसवले आणि द्वारकाबाईंच्या जवळ आली. "आजी, आता हळूच एकदा सलग म्हणा."

"द्वारकाबाई पुंजाराम जाधव," द्वारकाबाई धापा टाकत म्हणाल्या. "सासर देवगाव रंगारी. माह्यार पिशोर. लिव्ह. आन् ह्यो मानूस सोबत आलेला न्हाई म्हनून बी लिव्ह."

"माझं बी लिव्हा मंग," दुसऱ्या बाई बाहीआडून कुजबुजल्या. "फकिरा." आणि लाजून पुन्हा बाहीत गेल्या.

डॉ. साळवे आत गेले आणि टेबलावर उघडून ठेवलेल्या भिंगाचा नंबर त्यांनी पुन्हा पाहिला. थोडक्यात निभावले होते, नाहीतर एकीचे भिंग दुसरीच्या डोळ्यात गेले असते आणि दोघींना जन्मभर जग भलतेच दिसले असते. त्यांनी हात पुन्हा धुतले.

मग बाहेर येऊन त्यांनी पुंजारामांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, त्या समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय, वाचा बरं."

"'शांतता राखा'," पुंजाराम ताबडतोब म्हणाले.

समोर भिंतीवर घड्याळ होते.

द्वारकाबाईंचे ऑपरेशन व्यवस्थित झाले. आत त्यांना फक्त पाण्यासारखे रंग दिसले, दुखले काहीच नाही, आणि डॉक्टरांनी "झालं" म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच? ह्याच्यापरीस नाव घ्यायला जास्ती तरास झाला." दुसऱ्या बाईंचेही झाले. निघताना दोघींनी एका डोळ्याने एकमेकींचा निरोप घेतला आणि चुकून एकमेकींच्या पिशव्या नेल्या, पण ते मोनिकाने जिन्यातच निस्तरले.

घरी येताना रिक्षात पुंजाराम एक शब्द बोलले नाहीत. टोप्या सारख्या होत्या, उजेड उलटा होता, मास्क होता, हे सगळे ते दवाखान्यातच सांगून चुकले होते आणि कुणी ऐकून घेतले नव्हते. पण ते गप्प होते ते त्यामुळे नाही. त्यांचे नाव आजवर त्यांनी तलाठ्याच्या, सोसायटीच्या आणि पोलीस पाटलाच्या तोंडून ऐकले होते, आणि दर वेळी त्यापाठोपाठ काहीतरी झेंगट आले होते. आज ते लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा बायकोच्या तोंडून आले होते. शिव्यांसकट आले होते, हे खरे. तरी त्यांना ते बरे वाटले होते, आणि बरे वाटले हे कुणाला सांगावे ते कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी निघाली. द्वारकाबाईंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे पाण्याचे टाके दिसले, त्यावर बसलेला कावळा दिसला, कावळ्याची चोच दिसली. मग त्यांनी मोनिकाकडे पाहिले आणि तिचा गाल हाताने धरला. "किती वाळलीस गं. माझ्यामागं पळून पळून." मोनिकाला पुन्हा रडू आले, पण हे रडू वेगळे होते.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले, कोपऱ्यांतली जळमटे पाहिली, खिडकीतून समोरची गॅलरी पाहिली. तिथे फारूखभाई स्वतः उभे होते. त्यांनी हात हलवला. द्वारकाबाईंनी ओळख पटल्याची खात्री करून मगच हात हलवला.

शेवटी त्या बाहेरच्या खोलीत आल्या. पुंजाराम खुर्चीत पेपर धरून बसले होते. द्वारकाबाईंनी त्यांना नीट, वरपासून खालपर्यंत पाहिले. सदऱ्याची बटणे एक घर चुकून लावलेली, त्यामुळे एक खांदा वर गेलेला. मिशीचा कलप अर्ध्या मिशीला आणि अर्ध्या गालाला. दाढीचा एक पट्टा कित्येक दिवस राहून गेलेला. हा माणूस असा केव्हापासून हिंडतो आहे? दोघांनीही एकमेकांकडे पाहत, एकमेकांना छान दिसत, ही दोन-तीन वर्षे काढली होती. त्यांना हसू आले.

त्या खुर्चीजवळ गेल्या, पेपर बाजूला केला आणि वरचे बटण सोडवून नीट लावायला लागल्या.

"काय करतीस? पोरं बघतील," पुंजाराम पुटपुटले.

"बघू द्या. मोनिकानं तुमची बी तारीख घेतलीया. उठा, माप द्यायला जायचंय."

"मला? मला काय धाड भरलीया? कालचं सोड. तिथं उजेडच तसा व्हता. मला झकास दिसतंय. मी कुठंबी येनार न्हाई, कुनी किती बी बोलवू दे. एकदा न्हाई म्हनलं म्हंजे न्हाई."

पुंजारामांचा शब्दही शब्दच होता. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मोनिकाने मनातल्या मनात आणखी दोन दिवाळ्या मोजल्या.

द्वारकाबाईंनी शेवटचे बटण लावले. सदऱ्याची कॉलर सारखी केली. मग मागे वळून दारात कुणी नाही ना ते पाहिले. मोनिका चटकन भिंतीआड झाली. आणि मग अगदी हलक्या आवाजात, लाजून, पण एकेक अक्षर स्पष्ट उच्चारत त्या म्हणाल्या,

"पुंजाराम."

पुंजाराम जाधवांनी पेपरची घडी घातली आणि ते मुकाट्याने चपला शोधायला उठले.